लाकडी तोफ कुणी केली?

रामशेजच्या किल्ल्यावर लोखंडी तोफ नव्हती. १६८२ मध्ये औरंगजेबाची फौज नाशिकच्या उत्तरेला या ठेंगण्या डोंगराला वेढा घालून बसली, तेव्हा हे काम फार तर महिन्याभराचं आहे असंच मोगल सरदारांना वाटलं असणार. गेली पाच वर्षांहून अधिक. शहाबुद्दीनखान आला, त्याने तटाला भिडेल असा लाकडी दमदमा उभारला. तो परत गेला, बहादूरखान आला. तोही गेला, कासिमखान आला. गडावर तोफ नाही, तरी वरून तोफेचा मारा होत होता. झाडाचे बुंधे पोखरून, त्यांवर कातडं चढवून मराठ्यांनी तोफा केल्या होत्या, असं खाफीखान लिहून गेला आहे. हा इतिहासकार मोगलांच्या बाजूचा, त्यामुळे मराठ्यांचं कौतुक त्याच्या लेखणीतून उतरलं असेल तर ते नाइलाजानेच.

मी शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलं. निवृत्त झाल्यावर आमच्या कॉलनीतली दहा-बारा मुलं घेऊन अधूनमधून रविवारी बाहेर पडतो. पेठ रोडने आशेवाडीपर्यंत जायचं, तिथून तासाभरात गडावर. एकदा वरच्या पाण्याच्या टाक्याजवळ डबे उघडून बसलो होतो आणि मी ही तोफांची गोष्ट सांगितली. ती रंगली म्हणून बहादूरखानाच्या मांत्रिकाचीही सांगितली. त्या पठ्ठ्याने खानाकडून सोन्याचा नाग करून घेतला, तो हातात धरून फौजेच्या पुढे निघाला, वरून मारा आला, मांत्रिक एकीकडे आणि नाग दुसरीकडे. मुलं हसून लोळली. हीही खाफीखानाचीच कृपा.

हसू ओसरल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, ते कातडं कुणी काढलं?"

मी म्हटलं, "म्हशीचं असेल."

"कुणाचं नाही विचारलं. कुणी काढलं?"

मग बाकीच्यांना तोंड फुटलं. गडावर सुतार होता का? त्याची बायको-पोरं वर होती की खाली गावात? खाली असतील तर मोगलांनी त्यांचं काय केलं? पाच वर्षं मीठ कुठून आणलं? टाक्यातलं पाणी कोण भरायचं, बायकाच ना? आणि वेढा लागला तेव्हा सात वर्षांचा असलेला मुलगा वेढा संपताना बारा वर्षांचा झाला असेल, मग त्याला खाली उतरायची भीती नसेल का वाटली? हा शेवटचा प्रश्न एका अगदी गप्प बसणाऱ्या मुलाचा. मी तीस वर्षं वर्गात रामशेज शिकवला, त्याचा इतका सरळ प्रश्न मला कधी पडला नव्हता. घरी आल्यावर मी ते सगळे एका वहीत लिहून ठेवले.

उत्तरं कागदपत्रांत नाहीत. गडाच्या किल्लेदाराचं नावसुद्धा पक्कं सांगता येत नाही. सूर्याजी जेधे असं एक नाव घेतलं जातं, पण अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. जिथे किल्लेदाराचं नाव हरवलं तिथे सुताराचं कोण ठेवणार? इतिहास इथे हात टेकतो, आणि माझ्या मते ऐतिहासिक कादंबरीचं काम नेमकं इथून सुरू व्हायला हवं. मुलांसाठी लिहिलेल्या कादंबरीचं तर नक्कीच. आपण मात्र उलटं करत आलो. जिथे कागद भरपूर बोलतात, जिथे पत्रं आहेत, बखरी आहेत, फारसी आणि इंग्रजी नोंदी आहेत, तिथेच आपली कल्पनाशक्ती संवाद रचत बसली. जिथे कागद मुके आहेत तिकडे ती फारशी फिरकलीच नाही.

कुणी लगेच म्हणेल, मराठीत ऐतिहासिक कादंबऱ्यांना काय तोटा? नाहीच. १८७१ मध्ये गुंजीकरांची 'मोचनगड' आली. हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' काढलं आणि त्यातून घरातल्या थोरांबरोबर पोरांनाही शिवकाळ वाचायची सवय लावली. नाथमाधव, हडप यांची पुस्तकं आमच्या आजोबांच्या पिढीने अभ्यासाच्या पुस्तकाखाली लपवून वाचली. पुढे 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'झेप', 'राऊ', 'छावा', 'पानिपत'. यादी लांबच लांब. पण यातलं बारा वर्षांच्या मुलासाठी म्हणून लिहिलेलं किती? हरिभाऊ आणि नाथमाधव आजच्या मुलाला भाषेनेच दमवतात, आणि नंतरच्या कादंबऱ्या तर मोठ्यांच्याच. गो. नी. दांडेकरांचं ऋण मात्र वेगळं मानायला हवं. 'झुंजार माची', 'दर्याभवानी' वाचताना गडावरचा, खाडीकाठचा साधा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. तेराव्या वर्षी घर सोडून निघालेल्या आणि जन्मभर गड पायाखाली घातलेल्या माणसाला ते जमलं, यात नवल नाही. पण त्यांच्या वाटेने मुलांसाठी पुढे कोण गेलं?

महाराष्ट्रातल्या मुलाची इतिहासाशी पहिली गाठ चौथीत पडते. शिवाजी महाराजांच्या चरित्राचं ते पुस्तक मुलं खरंच आवडीने वाचतात. काहींना तर ते पाठ असतं. पाचवीपासून मात्र इतिहास म्हणजे सनावळ्या आणि 'कारणे द्या'. मग सोळा-सतराव्या वर्षी एखाद्याच्या हाती 'छावा' पडतं. मधली सहा-सात वर्षं, म्हणजे वाचनाचं वेड लागायचं नेमकं वय, मोकळी. त्या काळात पुस्तकांच्या प्रदर्शनात मुलांच्या टेबलावर काय असतं ते जाऊन पाहावं. पिनांनी टाचलेली, चकचकीत मुखपृष्ठाची, 'शूर' किंवा 'थोर' या शब्दाने सुरू होणारी बत्तीस पानी चरित्रं. जन्म, बालपणीचा एक चमत्कारिक प्रसंग, पराक्रम, मृत्यू, बोध. चित्रकथांमध्येही अंकागणिक एक नायक. ही चरित्रं वाईट असतात असं नाही. ती कादंबऱ्या नसतात, इतकंच. त्यांत मुलाला शिरायला दार नसतं. ते बाहेर उभं राहून हात जोडतं.

मुलं स्वतः काय करतात ते दिवाळीत दिसतं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दरवर्षी किल्ला होतो. दगड, विटा, जुनं पोतं, त्यावर चिखलाचा लेप, अळीव पेरून हिरवळ, वर सिंहासन, सिंहासनावर महाराज. इथपर्यंत सगळे किल्ले सारखेच. पायथ्याला मात्र बघत बसावं असा संसार असतो. मेनरोडच्या पथारीवरून आणलेल्या मातीच्या मावळ्यांच्या शेजारी भाजीवाली असते, विहिरीवर बाई असते, बैलगाडी असते, घोंगडी घेतलेला धनगर, त्याचा कुत्रा. एका वर्षी प्लास्टिकची जेसीबीही होती; विचारलं तर म्हणाले, "बुरूज पडला तर?" महाराजांना एकदा वर बसवलं की मुलांचं त्यांच्याशी काम संपतं. पुढचे चार दिवस खेळ चालतो तो पायथ्याला. जेवणाची हाक येईपर्यंत मुलं त्या धनगराची जागा बदलत असतात. आपले लेखक मात्र सिंहासनाजवळून हलायला तयार नाहीत.

हे मी उगाच टोचून बोलत नाही. एका प्रकाशकाकडे, नाव सांगण्यात अर्थ नाही, मी रामशेजच्या पाणी भरणाऱ्या मुलीवर लिहिलेली सत्तर पानं घेऊन गेलो होतो. त्यांनी ती सौजन्याने चाळली आणि विचारलं, "सर, यात संभाजी महाराज कुठे येतात?" मी म्हटलं, येत नाहीत, त्यांचं नाव वाऱ्यावर ऐकू येतं, गडावरच्या मुलीला तेवढंच येणार. ते म्हणाले, मग मुखपृष्ठावर काय टाकायचं? प्रश्न धंद्याच्या दृष्टीने बरोबर होता. माझी पानं फार बरी नव्हती हेही खरं. पण त्यांनी ती वाईट आहेत म्हणून नाकारली असती तर मला कमी लागलं असतं.

राजाला नायक केलं की मुलांच्या कादंबरीची दोन प्रकारे अडचण होते. पहिली अडचण कलेची. राजाचं काय होणार हे मुलाला आधीच ठाऊक असतं आणि राजा चुकू शकत नाही. जो चुकत नाही, घाबरत नाही, खोटं बोलत नाही, त्याच्याबद्दल बारा वर्षांच्या मुलाला आदर वाटतो, पण त्याच्या काळजीने झोप उडत नाही. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. राजाच्या तोंडी लेखकाने घातलेलं वाक्य पुढे इतिहास होऊन बसतं. सिंहगडाचंच पाहा. तानाजी पडला ते १६७० मध्ये. सभासदाच्या बखरीत महाराजांचा जो उद्गार येतो त्यात सिंह नाही. एक गड हाती आला, एक गेला, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय सिंहगड हे नाव त्याआधीच्या, १६६३ मधल्या पत्रात सापडतं, तेव्हा तानाजीवरून गडाचं नाव पडलं ही गोष्टही टिकत नाही. पण हरिभाऊंच्या कादंबरीच्या नावाने 'गड आला, पण सिंह गेला' हे वाक्य घराघरांत नेलं. आज भर वर्गात 'ते महाराजांचं वाक्य आहेच असं नाही' म्हणून पाहावं. मी पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी एक पालक भेटायला आले होते.

दोष हरिभाऊंचा नाही. त्यांनी कादंबरी लिहिली, बखर नाही. कुठे कागद संपतो आणि कुठे लेखक सुरू होतो, ती शिवण वाचकाला दाखवायची पद्धत आपल्याकडे पडली नाही, दोष त्याचा. मोठ्यांच्या कादंबऱ्यांना निदान प्रस्तावना असतात, त्या कुणी वाचो न वाचो. मुलांच्या पुस्तकात तर दोन ओळीही नसतात.

इंग्रजीत ही पद्धत कशी रुजली याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९३४ मध्ये जेफ्री ट्रीझ या तरुण लेखकाने रॉबिन हुडची गोष्ट मुलांसाठी लिहिली, ती जमीनदाराच्या जाचाला कंटाळून पळालेल्या एका कुळाच्या मुलाच्या नजरेतून. रॉबिन हुड होता, पण गोष्ट त्या पोराची होती. वीस वर्षांनी, १९५४ मध्ये, रोझमेरी सटक्लिफची 'द ईगल ऑफ द नाइन्थ' आली. रोमन सैन्याची नववी तुकडी ब्रिटनच्या उत्तरेकडे गेली आणि नोंदींतून नाहीशी झाली. सिल्चेस्टरच्या उत्खननात पंख नसलेला एक ब्राँझचा गरुड सापडला. बस, एवढ्या दोन न जुळणाऱ्या गोष्टी. मधली सगळी कादंबरी सटक्लिफबाईंनी रचली, आणि तुकडीचं काय झालं ते कुणाला माहीत नाही हे सुरुवातीलाच सांगून टाकलं. नायक पायाने अधू, त्याचा सोबती गुलाम. बाई स्वतः लहानपणापासून संधिवाताने चाकाच्या खुर्चीत होत्या. चालता न येणाऱ्या बाईने शेकडो मैलांची पायपीट लिहिली आणि मुलं पिढ्यान् पिढ्या ती वाचत आहेत. नवव्या तुकडीचं गूढ आणि रामशेजच्या किल्लेदाराचं हरवलेलं नाव, कादंबरीकाराच्या दृष्टीने दोन्हींचा भाव एकच. एकावर पुस्तक झालं.

आणि नाशिकला अशा रिकाम्या जागांची काय कमतरता? रामशेज एकच नाही. माझं गाव म्हणून मी हात आखडता घेणार नाही.

पांडवलेण्यांत चला. मुलं तिथे माकडं बघतात, फोटो काढतात आणि भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं ओलांडून पुढे जातात. दहाव्या लेण्यात नहपान राजाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले, तेही गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. त्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण. जवळपास १९०० वर्षांपूर्वीचं फिक्स्ड डिपॉझिट, व्याजदरासकट, दगडावर कोरलेलं. मी मुलांना हे सांगितलं तेव्हा एकाने हिशेब मांडला आणि विचारलं, "दुसऱ्या श्रेणीने कमी व्याज का दिलं? ते गरीब होते का?" दगडावर आकडे आहेत, कारण नाही. गंगापूरजवळचं आजचं गोवर्धन गाव तेच. त्या गावातल्या विणकराची मुलगी, मागावर बसायचं वय झालेली, घरात राजाचा पैसा आलेला आणि व्याज फेडायची धास्ती बापाच्या चेहऱ्यावर: कादंबरीला आणखी काय हवं?

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. तिसऱ्या लेण्यात त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलाच्या मागे, नातवाच्या कारकिर्दीत तिने तो कोरवून घेतला आणि मुलाचे पराक्रम सांगितले. पाठ्यपुस्तकात हे सगळं येतं. येत नाही ती जोगळटेंभीची गोष्ट. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या या गावी नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा. त्यांतल्या बहुतेक नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारून घेतला होता. तुमच्या तळहातावर एक नाणं आहे. त्यावर हरलेल्या राजाचा चेहरा अजून दिसतोय आणि त्या चेहऱ्यावर जिंकलेल्याचा डोंगर उमटलाय. हजारो वेळा हातोडा मारणारा कुणीतरी होता. त्याच हाताने आधी नहपानाचीही नाणी पाडली असतील का? राज्य बदललं तेव्हा टांकसाळीतल्या पोरट्याला कुणी सांगितलं, उद्यापासून हा चेहरा नको म्हणून? राज्य बदलणं म्हणजे काय ते मुलाला समजावायला याहून सोपं काही मला माहीत नाही.

जवळच्या काळात या, तर काम अवघड होतं. लेखक तिथे टाळाटाळ करतात ती बहुधा त्यामुळेच. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. गांधीजींची दांडीयात्रा निघायला अजून दहा दिवस होते. डॉ. आंबेडकरांचं नेतृत्व, आणि इथली बाजू सांभाळायला दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड. मंदिराचे दरवाजे लावून घेतले गेले, दरवाजांपुढे सत्याग्रही बसले, त्यांत बायकाही होत्या. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. वर्षं गेली, दार उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्याला, आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. मुलांना यातलं काय मिळतं? पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद. दरवाजापुढे बसलेल्या बाईची नऊ वर्षांची मुलगी त्या दिवशी घरी कोण सांभाळत होतं? की ती आईच्या मांडीवर होती? आणि लावलेल्या दाराच्या आत एखाद्या पुजाऱ्याच्या घरातलं पोर असेलच की. बाहेरचा आवाज त्याला ऐकू येत असणार. घरच्यांनी त्याला काय सांगितलं? पंचवटीत वाढलेल्या मुलाने हे वाचलं पाहिजे, आणि दोन्ही मुलांच्या बाजूने वाचलं पाहिजे. म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच बरोबर होत्या असं नाही. चूक करणाऱ्या घरातही मुलं असतात आणि त्यांना ती चूक परंपरा म्हणून हातात दिली जाते, हे कळण्यासाठी.

तसाच विजयानंद थिएटरचा प्रसंग. २१ डिसेंबर १९०९ ची रात्र, 'संगीत शारदा'चा प्रयोग, आणि कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेने झाडलेल्या गोळ्या. नाशिकच्या मुलांना कान्हेऱ्यांचं नाव मैदानामुळे माहीत असतं. बरेचदा क्रिकेट खेळायची जागा म्हणूनच. हा मुलगा सतरा-अठरा वर्षांचा होता. चार महिन्यांत, १९ एप्रिल १९१० ला, ठाण्याच्या तुरुंगात कर्वे आणि देशपांडे यांच्यासोबत तो फाशी गेला. गोळ्या झाडल्या त्याच वर्षी, १९०९ मध्ये, बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप झाली होती, त्याचा राग त्या गोळ्यांत होता. आणि जॅक्सन हा संस्कृतचा व्यासंगी होता, लोककथा गोळा करणारा. त्याने जमवलेली सामग्री त्याच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने निघाली. या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी खोडली जात नाही. चरित्राच्या बत्तीस पानांत त्या मावत नाहीत, कारण चरित्राला एकाचाच फोटो लावायचा असतो. कादंबरी मात्र त्या रात्री पिटात बसलेल्या एखाद्या शाळकरी मुलाला घेऊन सुरू करता येते. समोर रंगमंचावर म्हाताऱ्याशी लग्न लावून दिली जाणारी शारदा आणि मागे पिस्तुलाचा आवाज. त्या मुलाला त्या रात्री काय वाटलं असेल? अभिमान, भीती, की आधी नुसताच गोंधळ? मला वाटतं गोंधळ. आणि प्रामाणिक गोंधळ हाच मुलांना मोठं करतो. तयार अभिमान त्यांना फक्त घोषणा शिकवतो.

आक्षेप मला माहीत आहेत, वर्गात आणि पालकसभेत ऐकलेले. पहिला इतिहासवाल्यांचा: मुलांना खरंखोटं वेगळं करता येत नाही, त्यांना कल्पित देऊच नका. पण कल्पित त्यांना मिळतंच आहे. २०२५ मध्ये 'छावा' सिनेमा आला, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा, आणि थिएटरमधून बाहेर पडणारी मुलं तो इतिहास म्हणूनच घेऊन घरी गेली. शेवटच्या पाटीवर बारीक अक्षरांत काय लिहिलं होतं ते कुणाला आठवत नाही. पुस्तकात निदान पान उलटून मागे जाता येतं. म्हणून माझा हट्ट आहे, की मुलांच्या प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीच्या शेवटी एक पान असावं: यातली ही माणसं होती, ही मी रचली, हे कागदात आहे, हे नाही, आणि इथे अभ्यासकांचं पटत नाही. मुलांना ते पान कंटाळवाणं वाटेल असं वाटणाऱ्यांनी एकदा मुलांना जादूचा प्रयोग दाखवून त्याची युक्ती सांगून बघावी.

दुसरा आक्षेप संस्कारांचा. इतिहासातून स्फूर्ती मिळाली पाहिजे. मिळू दे की. नेसरीच्या सात वीरांना महाराष्ट्राच्या मनात जागा मिळाली ती नाशिकच्याच कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे, आणि त्या कवितेने किती पिढ्यांच्या अंगावर काटा आणला. पण कविता काटा आणून थांबू शकते. कादंबरीला दुसऱ्या दिवशी सकाळी घोड्यांना पाणी दाखवावं लागतं.

तिसरा आक्षेप कुणी उघड घेत नाही, पण सगळ्यात मोठा तोच आहे: उगाच कुणाच्या भावना दुखावल्या तर? ही भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा उपायही पायथ्यालाच आहे. पाणी भरणाऱ्या मुलीचा वंशज म्हणून मोर्चा घेऊन येणारा अजून मला भेटलेला नाही.

भाषेबद्दल एक बोलायचं राहतं. आपल्या ऐतिहासिक पुस्तकांत पोरंसोरंही दरबारी बोलतात. आई मुलाला "बाळराजे" म्हणते, मावळा बायकोशी मुजरा केल्यासारखं बोलतो. मालिकांनी यात भरच घातली. त्या काळची बोली अशी गुळगुळीत असणं शक्यच नव्हतं. तोफ, किल्लेदार, फौज, हवालदार हे सगळे शब्द बाहेरून आलेले आणि रोजच्या तोंडात बसलेले. ते इतके बसले होते, की राज्यकारभारातले फारसी शब्द बदलायला शिवाजी महाराजांना 'राज्यव्यवहारकोश' करून घ्यावा लागला. रामशेजवरची मुलगी आशेवाडीच्या आजच्या मुलीसारखीच बोलली असती, असं मी धरून चालतो. माझ्या सत्तर पानांत मी तिला दिंडोरीकडची बोली दिली होती. प्रकाशकांना ती 'ऐतिहासिक वाटली नाही'.

हे नाशिकमध्ये व्हायला हवं असं म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. मराठी मुलांचं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पुस्तक या गावात लिहिलं गेलं, तुरुंगात. साने गुरुजींनी 'श्यामची आई' ९ फेब्रुवारी १९३३ ला नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं आणि १३ तारखेच्या पहाटे ते संपवलं. गुरुजींनी ऐतिहासिक काही लिहायचं म्हणून लिहिलं नव्हतं. पण आजच्या मुलाला ते पुस्तक जुन्या काळाचीच गोष्ट आहे. त्यातलं कर्ज, सोवळंओवळं, बोटीचा प्रवास, घरावर येणारी जप्ती, यांतलं काहीही त्याने पाहिलेलं नाही, आणि तरी त्या काळात ते सहज शिरतं. कारण आत शिरायला तिथे एक मुलगा उभा आहे, जो पोहायला घाबरतो आणि आईवर रुसतो. त्या पुस्तकात एकही राजा नाही. त्याला कुणी विचारलं नाही, मुखपृष्ठावर काय टाकायचं.

सार्वजनिक वाचनालय या गावात १८४० पासून आहे. वाचणारी मुलं आहेत, गड आहे, लेणी आहेत, नदी तर आहेच. लिहिणाऱ्यांची वाण आहे असंही वाटत नाही. दर दिवाळी अंकात नाशिकची चार नावं असतात. माझी सत्तर पानं मी कपाटात ठेवून दिली, ती तिथेच बरी आहेत. पण मुलांच्या प्रश्नांची ती वही मी जपून ठेवली आहे. आजवर त्यात एकशे बारा प्रश्न झाले, पहिला कातड्याचा आणि शेवटचा गेल्या महिन्यातला, मिठाबद्दलच पुन्हा. जो कुणी रामशेजवर मुलांसाठी लिहायला बसेल त्याने ती येऊन घेऊन जावी. परत नाही दिली तरी चालेल.